झांकल्या मुठीचा लिलांव

लिलांवाच्या यादींत एक ओळ असते : “सर्व जगाचा संग्रह, बारा आल्बम, १८४० पासून १९४० पर्यंत, स्थिति संमिश्र, पाहून घ्यावें.” पुढें अंदाजी किंमत, आणि तीहि मोघम. त्याच यादींत एकेका दुर्मिळ तिकिटाला रंगीत चित्र, पाऊण पानाचें वर्णन आणि जाणत्याचा दाखला मिळालेला असतो. बारा आल्बमांतील वीसपंचवीस हजार तिकिटांच्या वांट्याला मात्र एवढी एकच ओळ येते. टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्यांच्या जगांतील सर्वांत मोठा मोह याच ओळींत दडलेला आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें म्हणतात. येथें ती मूठच विकावयास काढलेली असते, आणि ती उघडण्यापूर्वी तिची किंमत ठरवावयाची असते.

समजा, असा एखादा लॉट घ्यावा असें एका गोराईकर गृहस्थाच्या मनांत आलें आहे. गोराई म्हणजे बोरीवलीच्या पश्चिमेचें, खाडीपलीकडचें गांव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि बोरीवलीस यावयाचें तर होडी. लंडनच्या लिलांवांत भाग घेण्यासाठीं पूर्वी अशा माणसाला आपली बोली पत्रानें वा तारेनें धाडावी लागली असती. आतां ती घरीं बसून, समोरच्या पडद्यावर बोट ठेवून लावतां येते. सोय मोठी खरी. परंतु या सोयीमुळें लिलांवाच्या आधीं पेढीवर जाऊन आल्बम चाळण्याची जुनी संवय सुटत चालली, आणि सर्व जगाच्या संग्रहाच्या खरेदींत तीच संवय लाखमोलाची होती. शेंकडों तिकिटांचे असे लॉट पेढ्या सामान्यतः परत घेत नाहींत. पदरीं पडलें आणि पवित्र झालें, हा तेथला कायदा. या गृहस्थाजवळ पन्नास हजार रुपये आहेत, आणि ते शिल्लक पडावयास तीन वर्षें लागलीं आहेत.

संबंध जगाचीं तिकिटें एका वहींत बसवावीं, ही कल्पना एके काळीं वेडगळ नव्हती. ६ मे १८४० रोजीं इंग्लंडांत एका पेनीचें काळें तिकीट चालू झालें. त्यानंतरचीं वीसपंचवीस वर्षें निघालेल्या प्रत्येक तिकिटाचा निदान एक नमुना मिळविण्याची उमेद हौशी माणसाला धरतां येत होती. न्यूयॉर्कचे व्यापारी जे. डब्ल्यू. स्कॉट यांनीं १८७० सालीं त्या शहरांत तिकिटांचा लिलांव केला, आणि १८७२ सालीं त्यांच्याच मालाचा लिलांव लंडनांत सदबीच्या पेढीनें पुकारला. पुढें राष्ट्रें वाढलीं, छापखाने वाढले, तिकिटांचा पूर आला. शहाणे संग्राहक एकेका देशापुरते, कोणी तर एकेका तिकिटापुरते राहूं लागले. सर्व जगाला कवटाळणारे उरले ते बहुधा मनाचे मोठे आणि हिशेबाचे कच्चे. त्यांचे संग्रह बाजारांत येतात ते बहुधा त्यांच्या पश्चात्. मुलांना त्यांत गोडी नसते, सुनांना कपाटांतील जागा हवी असते, आणि बारा आल्बम यादींतील त्या एका ओळींत येऊन बसतात.

अशा संग्रहाचें पुढें काय व्हावें, याचीं दोन टोकें इतिहासांत नमूद आहेत. इंग्लंडच्या पार्लमेंटचे सभासद टॉमस टॅपलिंग हे १८९१ सालीं, वयाच्या अवघ्या पसतिसाव्या वर्षीं वारले. त्यांनीं आपला सर्व जगाचा संग्रह ब्रिटिश म्यूझियमला दिला. तो न फुटतां आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. पॅरिसचे फिलिप फेरारी यांचें नशीब वेगळें. जगांत कोणाजवळ नव्हतीं अशीं तिकिटें त्यांच्याजवळ होतीं, आणि तीं त्यांनीं बर्लिनच्या टपाल-संग्रहालयाच्या नांवें करून ठेविलीं होतीं. १९१७ सालीं, महायुद्ध चालू असतां ते वारले. फ्रेंच सरकारनें तो संग्रह शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यांत घेतला, आणि १९२१ पासून १९२६ पर्यंत पॅरिसमध्यें चौदा लिलांवांत तो जगभर विखुरला. आलेला पैसा जर्मनीकडून येणें असलेल्या युद्धदंडाच्या खात्यावर जमा झाला. एका माणसानें आयुष्यभर केलेली वेंचणी दोन सरकारांच्या खतावणींत जिरून गेली, असा प्रकार विरळाच.

त्याच लिलांवांत, १९२२ सालीं, ब्रिटिश गियानाचें एका सेंटाचें किरमिजी तिकीट अमेरिकेच्या आर्थर हाइंड यांनीं घेतलें. ३ लाख फ्रँकांवर हातोडा पडला; वर शेंकडा साडेसतरा सरकारी कर, म्हणजे खरी किंमत ३,५२,५०० फ्रँक. हें तिकीट १८७३ सालीं डेमेरारांत बारा वर्षांच्या एका मुलाला जुन्या कागदांत सांपडलें होतें आणि त्यानें तें सहा शिलिंगांना विकलें होतें. २०१४ सालीं त्याला सुमारें ९४ लक्ष ८० हजार डॉलर आले. येथवरची हकीकत सर्वांना सांगावयास आवडते. पुढची कमी सांगितली जाते : २०२१ सालीं तेंच तिकीट ८३ लक्ष डॉलरांच्या आसपास गेलें, म्हणजे सात वर्षांत अकरा लक्षांहून अधिक उतरलें. तिकिटाची किंमत चढतच जाते, या समजुतीवर पैसे गुंतविणाऱ्यानें हा शेवटचा आंकडा उशाशीं ठेवावा.

मुंबईला या बाबतींत स्वतःची एक चुटपुट आहे. ४ जानेवारी १८५० या दिवशींचें, मॉरिशसहून मुंबईस आलेलें एक पत्र आहे. मुंबईच्या ऑक्झिलिअरी बायबल सोसायटीचे चिटणीस टॉमस जेरोम यांच्या नांवें तें होतें, आणि त्यावर मॉरिशसचीं एकेका पेनीचीं दोन तिकिटें लाविलीं होतीं. हीं तिकिटें १८४७ सालीं प्रत्येक किमतीचीं अवघीं पांचशें छापलेलीं. त्यांवर ‘पोस्ट ऑफिस’ हे शब्द आहेत, आणि तेवढ्या दोन शब्दांवर आज संपत्ति ओवाळून टाकली जाते. मुंबईंत तें पत्र वाचलें गेलें असेल, मग बहुधा कागदपत्रांच्या ढिगांत गेलें असेल. १८९७ सालीं हिंदुस्थानांतील एका बाजारांत तें हॉवर्ड नांवाच्या इसमाच्या दृष्टीस पडलें, आणि त्यानें त्याचे ५० पौंड दिले. पन्नास पौंड म्हणजे त्या काळचे साडेसातशें रुपयांच्या घरांतले. तेव्हां विकणारा अगदींच अजाण नव्हता. रद्दीच्या कपट्याला साडेसातशें रुपये कोणी देत नाहीं, एवढें त्याला कळत होतें. त्याला कळत नव्हता तो त्याच्या पुढचा आंकडा. १९६८ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत त्याच पत्राला ३ लक्ष ८० हजार डॉलर आले, आणि १९९३ सालीं झुरिकच्या लिलांवांत तें पुन्हां पुकारलें गेलें. संग्राहकांच्या जगांत त्याला ‘बाँबे कव्हर’ म्हणतात. मुंबईचें नांव तेवढें त्याला उरलें आहे.

येथें मुख्य मुद्द्याशीं येतां येतें. अशा खरेदींत पैसा दिला जातो तो कागदासाठीं असें वरवर दिसतें. वस्तुतः घेणाऱ्याला विकणाऱ्याहून जें अधिक कळत असतें, त्यावर त्याचा नफा किंवा तोटा अवलंबून असतो. लंडनच्या वा जिनीव्हाच्या पेढींतील जाणता इसम इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड या पानांवरून एकहि चांगलें तिकीट निसटूं देणार नाहीं. त्या पानांवर त्याच्याशीं स्पर्धा करावयास जाणें म्हणजे सुताराला रंधा शिकविणें होय. परंतु तोच इसम हिंदी संस्थानांच्या पानांशीं आला, कीं पान भरभर उलटतो. लिपि त्याला येत नाहीं, कागद ओबडधोबड दिसतो, आणि बाराव्या आल्बमापर्यंत जेवणाची वेळ झालेली असते.

गोराईच्या गृहस्थानें थांबावें तें नेमकें तेथें. भोर संस्थानानें १८७९ सालीं देशी कागदावर हातानें ठसे उठवून अर्ध्या आण्याचें आणि एक आण्याचें अशीं दोन तिकिटें काढलीं होतीं, व १९०१ सालीं पंतसचिव शंकरराव यांच्या चित्राचें तिकीट काढलें, हें पुण्याच्या आसपासच्यांनाहि आज सांगावें लागतें. होळकरांच्या इंदुरानें १८८६ सालीं तुकोजीरावांचें चित्र असलेलें सुबक तिकीट काढलें. पवारांच्या धारचीं १८९७ पासूनचीं तिकिटें साध्या खिळ्यांनीं जुळवून छापलेलीं आहेत व त्यांवर काळा लंबगोल शिक्का आहे. जुळाऱ्याच्या हातून झालेले फरक त्यांत शोधणाऱ्याला सांपडतात. पोर्तुगीज हिंदुस्थानचीं १८७१ पासूनचीं गोव्यांत छापलेलीं तिकिटें तशींच : कागद, ठसे आणि दंतुर कडा यांच्या इतक्या तऱ्हा, कीं तज्ज्ञहि भिंग खालीं ठेवीत नाहीं. साऱ्याच तऱ्हा महाग आहेत असें नव्हे. बहुतेक स्वस्तच आहेत. पण स्वस्तांतून महाग ओळखण्याचें काम येथें अद्याप कोणीं उरकून टाकलेलें नसतें.

दुसरी जागा खुद्द हिंदुस्थानच्या पानावर. १८५४ पासून १८६७ पर्यंत सिंगापूर, पिनांग व मलाक्का येथें हिंदुस्थानचींच टपालतिकिटें चालत असत. राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचें एखादें साधें तिकीट चार आण्यांच्या भावानें पानावर चिकटवलेलें असतें, आणि त्यावरील पुसट शिक्क्यांत ‘बी १७२’ अशीं अक्षरें दिसतात. तो सिंगापूरचा शिक्का होय. मग तें तिकीट हिंदुस्थानचें न राहतां सिंगापूरच्या इतिहासाचा तुकडा होतें, आणि त्याचें गिऱ्हाईक निराळें व भावहि निराळा. आल्बम बांधणाऱ्याला शिक्का ही तिकिटाची घाण वाटत होती. जाणता घेणारा आधीं शिक्का पाहतो, तिकीट मागाहून.

आतां फसवणुकीच्या जागा. पहिली फसवणूक कोणी करीत नाहीं. ती छापील सूचींतून आपोआप होते. स्टॅन्ली गिबन्स किंवा स्कॉट यांच्या सूचींत प्रत्येक तिकिटासमोर कांहीं तरी किमान किंमत असतेच. ती किंमत तिकिटाची नव्हे. दुकानदारानें तें शोधून, पाकिटांत घालून, गिऱ्हाइकाला देण्याच्या श्रमाची ती मजुरी असते. अशा वीस हजार मजुऱ्यांची बेरीज केली कीं संग्रह लाखांचा दिसतो, आणि विकावयास जातां त्याच तिकिटांना वजनावर घेणारा भेटतो. संग्रहाचें मोल बहुधा तीसचाळीस तिकिटांत एकवटलेलें असतें. तीं कोणतीं, हें आधीं ठरवावें, त्यांची खरोखर वसूल होणारी किंमत मांडावी, आणि उरलेले हजारों नमुने वर मिळालेला कडीपत्ता समजावेत.

दुसरें, रिकाम्या चौकटी पाहाव्या. मुळांतच तिकीट मिळालें नाहीं म्हणून रिकामी राहिलेली चौकट स्वच्छ असते. जेथें पूर्वी तिकीट होतें व तें काढलें गेलें, तेथें चिकटपट्टीचा अर्धा तुकडा, फिकट चौकोन वा डिंकाचा डाग राहतो. प्रत्येक देशाच्या पहिल्याच ओळींत असे फिकट चौकोन दिसले, तर मलई आधींच कोणी खाल्ली आहे आणि ताकाचा लिलांव चालला आहे, असें खुशाल समजावें. मालकाच्या कपाटांतून सरळ पेढीवर आलेला आणि मध्यें कोणा व्यापाऱ्याचा हात न लागलेला संग्रह म्हणूनच अधिक मोलाचा.

तिसरी गोष्ट नकली मालाची. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनीं १८५२ सालीं काढलेलें ‘सिंद डॉक’ हें आशिया खंडांतील पहिलें टपालतिकीट. पण सामान्य आल्बमांत तें चिकटवलेलें दिसलें तर हर्ष होण्यापेक्षां शंका येणें बरें, कारण त्याच्या नकला पुष्कळ आहेत. फरीदकोटच्या स्वतंत्र टपालाचीं तिकिटें तें टपाल बंद झाल्यावरहि केवळ संग्राहकांसाठीं पुन्हां छापली गेलीं. मध्य अमेरिकेचीं १८९० नंतरचीं चकचकीत तिकिटें पाहून डोळे दिपतात. सीबेक नांवाच्या इसमानें निकाराग्वा, होंडुरास, साल्वादोर, एक्वादोर या राष्ट्रांशीं करार करून दरवर्षी नवीं तिकिटें पुरवलीं आणि शिल्लक माल परत घेऊन संग्राहकांना विकला, त्यांतलींच तीं बहुतेक. आणि या साऱ्यांवर कळस चढविला तो झ्याँ द स्पेराती यानें. खरें पण स्वस्त जुनें तिकीट घेऊन तो त्यावरील छपाई रसायनांनीं धुऊन काढी व त्याच कागदावर दुर्मिळ तिकीट छापी. कागद खरा, कधीं कधीं शिक्काहि खरा. १९४२ सालीं त्याचें एक टपाल फ्रान्सच्या जकातवाल्यांनीं अडवलें आणि मौल्यवान तिकिटें चोरून परदेशीं धाडल्याचा आरोप ठेवला. आपण पाठविल्या त्या नकला आहेत असें तो सांगत होता, आणि तज्ज्ञ तीं तिकिटें खरीं असल्याचें सांगत होते. आपली लबाडी खरी ठरविण्यासाठीं कोर्टांत झगडावें लागलेला दुसरा कोणी ठाऊक असेल तर तो शोधावा.

गोराईला आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे तेथली हवा. युरोपांतील कोरड्या घरांत शंभर वर्षें राहिलेला आल्बम खाडी आणि समुद्र यांच्या मध्यें पहिला पावसाळा काढतो तेव्हां न वापरलेल्या तिकिटांमागचा डिंक पाघळतो, पान पानाला चिकटतें, आणि कागदावर तांबूस ठिपके उमटतात. शाबूत डिंकाचें तिकीट आणि डिंक गेलेलें तिकीट यांच्या भावांत कित्येकदां दुपटीहून अधिक अंतर असतें. जूनमध्यें घेतलेला माल सप्टेंबरांत निम्म्याचा झाला, असें होऊं शकतें. यासाठीं आल्बम आडवे रचूं नयेत, उभे व सैल ठेवावे, घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणारी पूड घालावी, आणि हिंवाळ्यांतील कोरड्या दिवशीं पानें वाऱ्याला उघडावीं. अधिक सोपा मार्ग असा, कीं वापरलेल्या तिकिटांचा संग्रह घ्यावा. डिंकच नसल्यावर पाघळणार काय?

राहिला पैशाचा हिशेब, आणि तो उलट मांडावा लागतो. हातीं पन्नास हजार आहेत म्हणून बोली पन्नास हजारांपर्यंत न्यावयाची नसते. वाहतूक, विमा व जकात यांचे आठ हजार आधीं बाजूला काढले, तर बेचाळीस उरले. हातोडा पडेल त्या रकमेवर पेढी घेणाऱ्याकडून आणखी शेंकडा वीस घेते असें धरलें, तर हातोडा पस्तीस हजारांवर पडला पाहिजे : पस्तीस हजार बोलीचे आणि सात हजार पेढीचे. कांहीं पेढ्यांचा दर याहून चढा असतो. तेथें बोली आणखी खालीं थांबते. हा पस्तिसाचा आंकडा लिलांवापूर्वी कागदावर लिहून ठेवावा. लिलांव चालू असतां तो ठरवूं नये. कारण समोर दुसरा बोलणारा आहे एवढ्यावरूनच माणसाला वस्तु अधिक मोलाची वाटूं लागते, आणि एकवार, दोनवार म्हणतांना पुकारणारा जो श्वास घेतो तेवढ्यांत तीन वर्षांची शिल्लक निघून जाते.

समजा, पस्तीस हजारांच्या आंतच हातोडा पडला आणि खोकीं होडीनें गोराईस पोंचलीं. आतां संग्रह फोडावयाचा कीं राखावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. व्यापारी दृष्टीनें उत्तर उघड आहे. कामाचीं पानें काढून घ्यावीं, उरलेले आल्बम पुढच्या लिलांवांत लावावे, निम्मी रक्कम वसूल करावी. बहुतेक तसेंच करतात, आणि त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. फेरारीचा संग्रह फुटला नसता तर पुढच्या पिढीच्या संग्राहकांना तीं तिकिटें पाहावयासहि मिळालीं नसतीं. पण मूळ मालकानें प्रत्येक देशाच्या डोक्यावर पेन्सिलीनें राजधानी, लोकसंख्या, नाण्यांचा दर लिहिलेला असतो; न मिळालेल्या तिकिटांच्या चौकटी पट्टीनें आंखून ठेविलेल्या असतात. त्या अक्षराला सूचींत किंमत नाहीं. आल्बम फुटला कीं प्रथम तें अक्षर जातें.

हिंदी संस्थानांच्या पानाशीं आल्यावर गृहस्थाला धारचीं तीन तिकिटें दिसतात. मालकाला देवनागरी येत नव्हती. त्यांतलें एक त्यानें उलटें चिकटविलें आहे. सरळ करावयाचें तर जुनी चिकटपट्टी सोडवावी लागेल, आणि ती सोडवितांना मागचा कागद सोलून निघतो. पानाखालीं त्यानें आणखी दोन चौकटी आंखल्या आहेत, त्या रिकाम्या आहेत आणि स्वच्छ आहेत. गृहस्थ भिंग काढतो, उलट्या तिकिटावरचे खिळे तसेच उलटे वाचूं लागतो, आणि पानाला हात लावीत नाहीं.